थाळीचा मान

हिवाळा आला हे आमच्याकडे थंडीवरून कळत नाही, लाउडस्पीकरवरून कळतं. भात झोडून घरात आलं, पेंढ्याच्या गंजी लागल्या की एका सकाळी मागच्या शेतातून आवाज येतो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." आमचं घर तारापूरजवळ, सालवडच्या अंगाला. मागच्या शेताचा जेवढा तुकडा चाळी आणि कारखाने यांच्या तावडीतून सुटला, तेवढ्यावर पोरं खराट्याने धसकटं झाडतात, चुन्याच्या रेघा ओढतात आणि क्रिकेटच्या मॅची लावतात. टेबलावर चकचकीत चषक मांडलेले असतात. बेस्ट बॅट्समन, बेस्ट बॉलर, बेस्ट फिल्डर. माईकवरचा पोरगा अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत ओरडत असतो, "और ये गेला बॉल काकांच्या पडवीत!" पोरगा गुणी आहे, पण दुपारपर्यंत घसा बसवून घेतो. आवाज पोटातून काढायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. याच शेतात, साठ वर्षं होत आली त्याला, खेळाडूंची नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं आणि माझ्याकडे माईक नव्हता.

आवाज मी माहेराहून आणला होता. मी माहीमची, केळव्याजवळच्या. आमची वाडी लांबलचक, बाबा पार टोकाला विहिरीपाशी पाणी लावत असायचे. त्यांना जेवायला बोलवायचं तर तिथवर कोण जाणार? आई मला मागच्या दारी उभी करायची. माझी हाक केळी ओलांडून, पोफळी ओलांडून, समुद्राच्या घोंघावण्यावरून थेट विहिरीशी जायची, आणि शेजारच्या दोन वाड्यांतले लोकही हातपाय धुऊन घरी निघायचे. लग्न होऊन इकडे आले आणि हाच आवाज माझ्या अंगावर आला. नवी सून बोलते आणि गोठ्यातली म्हैस मान वर करते, हे काही शोभणारं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगो, हळू बोल. मी काय खाडीपल्याड हाय?" त्यांना मी आई म्हणत असे, इथेही आईच म्हणते. तेव्हापासून मी इतकं हळू बोलू लागले की आमच्या ह्यांना वाटलं, मला बरं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी पुढे लिहिणार आहे. एवढ्यात नको.

त्या वर्षांत तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीजघर उभं राहत होतं. माहीमला असताना आम्ही त्याचं नुसतं नाव ऐकून होतो. इकडे आल्यावर रोज सकाळी त्याची धूळ अंगणात झाडायला मिळाली. डोंगराकडच्या पाड्यांवरून माणसं कामाला यायची, परप्रांतांतून यायची, आणि थेट अमेरिकेहूनही आली. हे तिथल्या गोदामात कारकून होते. कामावरचे एक अमेरिकन साहेब, हॅरीसाहेब, एका रविवारी ह्यांच्याबरोबर आमच्या दारात उभे राहिले. गडी उंच, उन्हाने लाल झालेला, हातात टोपी. त्यांना रविवारपुरतं शेत हवं होतं, खेळायला. शेत आईंचं. सासरे केव्हाच गेले होते आणि सगळा कारभार त्याच बघत. आईंनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "राब भाजीस्तवर खेळा. मंग नाय."

राब म्हणजे फाल्गुनातलं काम. भाताची रोपं जिथे टाकायची त्या जागेवर टहाळ, पालापाचोळा, शेणी पसरून पेटवून देतात. तोवर शेत रिकामंच. पौष लागला, बाजूच्या तुकड्यातल्या वालाला शेंगा धरल्या आणि आमच्या शेतात बेसबॉल सुरू झाला. दांडूने चेंडू हाणायचा, तीनदा हुकला की बाद, लागला तर चार कोपऱ्यांना शिवून परत यायचं. कोपऱ्यांना भुशाने भरलेली पोती ठेवली. साहेबांची चारदोन माणसं, आमच्या गावातले गडी आणि डोंगराकडचे कामकरी यांचे मिळून दोन संघ झाले, आणि पहिल्या दिवशी दोन्ही संघ एकाच पोत्यावर जाऊन बसले.

साहेबांच्या गावात असा एक पगारी संघ होता. खेळाडूंना पगार, आणि काम एकच, खेळणं. ह्यांनी आईंना ते समजावून सांगितलं तेव्हा त्या हातात सूप धरून थांबल्याच. "खेळायचा पगार? आन त्यांची शेती कोन करतो?" साहेबांना तिकडून वर्तमानपत्रं यायची, बोटीने, पार शिळी होऊन. त्यातलं एकच पान ते वाचायचे आणि ते पान सगळं आकड्यांचं. फटक्यांत पहिला कोण, धावांत पहिला कोण, कुंपणापार चेंडू कुणी जास्त धाडले, बळी कुणी जास्त घेतले. कुणाच्या हातून किती चुका झाल्या तेसुद्धा छापलेलं. हे मात्र आईंना मुळीच पटलं नाही. "आपल्या मानसाच्या चुका कशाला लिवून ठेवतात? त्या तर इसरायच्या ना?" ह्यांनी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबांना सांगितलं. साहेब खूप हसले, आणि आमच्या फळ्यावर चुकांचा रकाना कधी आला नाही.

एक गोष्ट तेव्हा माझ्या मनाला फार लागली होती. ते पान उघडलं की साहेबांचं बोट वरची मोठी नावं सोडून खाली खाली जायचं. तिथे कुणी एक म्हातारा खेळाडू होता. म्हातारा म्हणजे चाळिशीतला. कशातच पहिला नाही, दुसराही नाही. मी ह्यांच्याकरवी विचारलं, मग आधी त्यालाच का शोधता? साहेब म्हणाले, नाव दिसलं की कळतं, गडी अजून मैदानात आहे. सांगताना ते पानावरच बघत होते. घरापासून इतक्या लांब आलेला माणूस कशाकशावर जगतो, ते मला त्या दिवशी कळलं.

माझी नेमणूक झाली ती एका शेळीमुळे. साहेबांच्या गावी खेळाडू दांडू घेऊन उभा राहायच्या आधी त्याचं नाव मोठ्याने पुकारतात, आणि पुकारल्याशिवाय चेंडू टाकत नाहीत. साहेबांचा नेम तसाच. पण आमची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. असं अडलेलं असताना वालात शेळी शिरली आणि मी स्वतःला विसरून माहीमची हाक ठोकली. शेळी पळाली, दोन खेळाडू पळाले. साहेब टोपी उंचावून ओरडले, "ये! ये आवाज चाहिए!" मी लाजून मेले. पण आई म्हणाल्या, "बस गो ताडाखाली. आपलंच शेत हाय, आन मी हाय ना बाजूला." ताडाला एक जुना फळा टेकवला, मॅट्रिक झालेली म्हणून खडू माझ्याच हातात आला. नावं लिहायची, पुकारायची आणि फटका लागला की नावापुढे रेघ ओढायची. आई शेजारी वालाच्या शेंगा सोलत बसायच्या. साहेबांच्या बाईसाहेब, मार्गाबाई, खुर्ची घेऊन आमच्यात येऊन बसायच्या आणि आईंच्या बरोबरीने शेंगा सोलायच्या. त्या दोघींत एक शब्द सामाईक नव्हता, आणि गप्पा कधी थांबल्या नाहीत.

ते रविवार आठवले की आधी वास येतो. उन्हात तापलेल्या धसकटांचा, हिरव्या वालाचा, चामडी हातमोज्याचा. आणि स्वतःचा आवाज पुन्हा सापडल्याचा आनंद आठवतो. "जानूऽऽ! काशिनाथऽऽ!" मी पोटातून नावं काढत होते आणि ती ताडांवरून पलीकडे जात होती. कुणी हळू बोल म्हणत नव्हतं.

आणि मग ह्यांची पाळी आली.

मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आमच्या वेळी कुणीच घेत नसे, पण आमच्या घरी ते नुसतं रिवाजापुरतं नव्हतं. आईंनी मला लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं. सासरे तापाने पडले होते, डोळे उघडेनात, तेव्हा घाबरून आईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली. ते उठले नाहीत. "मीच आयुष्य उतरवलं त्यांचं," असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणायच्या. त्यांचा तो एकुलता एक मुलगा रोज त्या मोठाल्या यंत्रांखालून कामाला जायचा. तर हे दांडू घेऊन उभे, साहेब हातात चेंडू घेऊन माझ्याकडे बघताहेत, सगळं शेत माझ्याकडे बघतंय. मला काय सुचलं कोण जाणे, आईंच्या मांडीवरची पितळी थाळी ओढली, सोललेले वाल गेले चहूकडे, आणि मी थाळीवर दगडाने ठाणकन आवाज केला. साहेबांनी चेंडू टाकला. ह्यांनी तो असा हाणला की तो थेट वालाच्या तुकड्यात. आई एका हाताने वाल वेचत होत्या, दुसऱ्या हाताने मला चापट मारत होत्या आणि तोंडाने ओरडत होत्या, "पळ रे बाबू, पळ!"

मग तोच पायंडा पडला. सगळ्यांना नाव, ह्यांना थाळी. फळ्यावरही मी नावाच्या जागी नुसतं वाटोळं काढायचे. लहानपणी विटीदांडूत ह्यांचा हात बसलेला होता, त्यामुळे वाटोळ्यापुढे रेघा वाढत चालल्या. मार्गाबाईंनी आपल्या मनाने अर्थ लावला, जो फटक्यांत सगळ्यांच्या पुढे त्याला इथले लोक थाळी वाजवून मान देतात. साहेबांना तर हे इतकं आवडलं की त्यांनी नियमच करून टाकला. पहिल्या नंबरला थाळी आणि फळ्यावर वाटोळं. खरं काय ते त्यांना कोण सांगणार? आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसत होतो.

हसू फार दिवस टिकलं नाही. संघात जानू नावाचा वारली गडी होता, काँक्रीटच्या कामावर. तो दांडू धरायचाच साप मारायच्या पवित्र्यात, कमरेत वाकून, आणि मारल्यावर चेंडू मेला की नाही तेही बघायचा. बढाईखोर असा की फटका लागला की पोत्यावर उभा राहून स्वतःच टाळ्या वाजवायचा. माघ सरता सरता त्याच्या रेघा ह्यांच्या रेघांपुढे गेल्या. त्याच क्षणी तो ताडाखाली आला. "बाय, ती थाळी आता माजी."

"तुला नाव आहे ना पुकारायला," मी म्हटलं.

"नाव माज्या आयशीनं बी दिलाय. थाळी मी कमावली."

साहेबांनी मान डोलावली. नियम म्हणजे नियम. वाटोळं पुसून त्यांनी ते जानूच्या नावापुढे काढलं. ह्यांच्यासाठी ना नाव उरलं, ना थाळी. पुढचे दोन रविवार मी आजारपणाचं सोंग घेतलं आणि कुणीतरी दुसरंच बेसूर ओरडलं.

एका संध्याकाळी विहिरीवर मी पाणी काढत होते. हे येऊन काठावर बसले. फार बोलणारा माणूस नव्हे, अजूनही नाही. म्हणाले, "तुझी हाक एकदा माझ्या नावाने ऐकायची होती."

मी राहाट सोडून दिला.

"घरात बाबू. कामावर गोदामवाले. गावात आईचा मुलगा. शाळेतली हजेरी संपली आणि माझं नावही संपलं. तू सगळ्यांची नावं घेतेस, जानूचं घेतेस, त्या काशिनाथचं घेतेस. माझ्या वाट्याला भांडं."

"आईंना काय वाटेल?"

त्यांनाही त्यांच्या वडिलांची गोष्ट ठाऊक होती. मग कळशी उचलून घराकडे चालू लागले. लग्नात मला उखाणा घ्यायला लावला होता, पण तो मी इतका तोंडातल्या तोंडात घेतला की तो त्यांनी ऐकलाच नव्हता. माझ्यासारख्या गळ्याच्या बाईने!

राब भाजायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. एका कोपऱ्यातल्या पोत्यापलीकडे आईंनी टहाळ आणि शेणी रचून ठेवल्या होत्या. साहेबांनी अमेरिकेहून मागवलेली नवी बॅट टेबलावर ठेवली. ज्याचे फटके सगळ्यांत जास्त, त्याचं नाव तापल्या सळईने तिच्यावर डागायचं, त्यांच्या गावच्या संघात असंच करतात म्हणे. जानू एका रेघेने पुढे होता. ह्यांची एकच पाळी उरली होती. सोंग पुरे म्हणून मी त्या दिवशी ताडाखाली येऊन बसले होते.

हे आले. दांडू खाली टेकवून उभे राहिले. साहेब चेंडू हातात घेऊन थांबले. मी नकळत थाळीला हात घातला तर जानू लांबून ओरडला, "बाय, ती माजी हाय!" लोक हसले. मग हसायचे थांबले. हे तसेच उभे, माझ्याकडे बघतही नव्हते. दुसऱ्या कुणी पुकारलं असतं तर भागलं असतं. एकदोघांनी तोंड उघडलंही, पण ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. इतका मवाळ माणूस असा हट्टाला पेटलेला मी पहिल्यांदा बघत होते. मला रडू यायला लागलं. वाटलं, घ्यावं नाव. आणि वाटलं, उद्या यंत्राखाली काही झालं तर या बाईला मी काय तोंड दाखवू?

आईंचे हात शेंगांवर थांबले होते. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उखान्यात घे."

मी त्यांच्याकडे वळले.

"उखान्यात चालतं. देवाला पन कळतं, कवतिकानं घेतलंय." आणि शेंग मोडत, "आन हळू नको घेऊस. खाडीपल्याड जाऊंदे."

मी उभी राहिले. पदर खोचला. कुठून सुचलं माहीत नाही, पण माहीमच्या वाडीच्या मागच्या दारात उभं राहून बाबांना हाक मारावी तसा आवाज लागला:

"ताडाखाली मांडला फळा, हाती घेतला खडू,
दामोदरराव उभे राहिले, साहेब, टाका चेंडू!"

शेत नुसतं उसळलं. बायका किंचाळल्या, मार्गाबाईंना काही कळलं नाही तरी त्या खुर्चीवर उभ्या राहिल्या. जानूने धावत येऊन माझ्या हातातली थाळी घेतली आणि स्वतःच बडवायला लागला. हे कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी दांडू उचलला.

साहेबांनी पहिला चेंडू टाकला, ह्यांनी दांडू फिरवला, चेंडू मागे. दुसरा, तोही मागे. तिसऱ्याला तर ते स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसले. बाद! आणि खाली बसूनच हसत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. चेंडू दिसलाच नाही म्हणे, कानात अजून हाक वाजत होती.

बॅट जानूला मिळाली. त्याचं नाव मी तिच्यावर खडूने लिहिलं आणि साहेबांनी त्यावरून सळई फिरवली. पुढे कैक वर्षं जानू त्या बॅटने शेळ्यांच्या खुंट्या ठोकायचा, आणि कुणी पाहुणा आला की पुसून दाखवायचा. आता तो नाही, बॅट त्याच्या घरी आढ्याला बांधलेली आहे. त्या दिवशी सगळे पांगल्यावर आई ह्यांच्यापाशी गेल्या, त्यांच्या तोंडावरून हात फिरवून दोन्ही हातांची बोटं आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली आणि म्हणाल्या, "आता वरीसभर खोकू नको." दुसऱ्या दिवशी राब पेटला. धूर पोत्यांच्या जागांवरून, फळ्यावरून, ताडावरून सरकत खाडीकडे गेला. त्या पावसाळ्यात हे एकदा जरी शिंकले तरी आई आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायच्या. वर्ष धडधाकट गेलं. मग त्या स्वतःच सणासुदीला म्हणायला लागल्या, "घे गो, त्या चेंडूचा उखाना घे."

वीजघर सुरू झालं, साहेब परत गेले. त्यांना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. त्यांच्या त्या म्हाताऱ्या खेळाडूचं नाव पुढे किती दिवस छापून येत होतं, ते विचारायचं राहिलं.

आता ह्यांचे कान गेले आहेत. "अहो" हा शब्द फारच हलका, तो दोन खोल्यांपलीकडे जात नाही. दोन-तीन वर्षं मी अहो, अहो करत घरभर फिरले, आणि एक दिवस वैतागून मागच्या दारातून सरळ नाव घेतलं. चाळीतल्या बायका खिडक्यांत आल्या. आता कुणी येत नाही, त्यांना सवय झाली. मी दिवसातून किती वेळा त्यांचं नाव घेते याची मोजदाद नाही. पंच्याऐंशी ओलांडली ह्यांनी. नावाने आयुष्य उतरतं म्हणणाऱ्या आईंना हे दाखवायला हवं होतं. त्या म्हणाल्या असत्या, दृष्ट काढ आधी.

यंदा पोरांनी ह्यांना बक्षिसं द्यायला बोलावलं. टेबलाजवळ खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. बेस्ट बॅट्समनचा चषक आला आणि माईकवरच्या पोराने बसल्या घशाने त्यांचं नाव पुकारलं. कर्णा ह्यांच्या डोक्यावर होता, पण कर्ण्यातून आलेला आवाज त्यांच्या कानांत नुसता घुमतो, शब्द सुटे होत नाहीत. हे आपले गुडघ्यावर अंगठ्याने ताल धरून बसलेले. पोरगा माझ्याकडे वळला. "आजी, आजोबांना ऐकू येत नाय काय?"

"बाजूला हो," मी म्हटलं, आणि पोटातून हाक काढली. "दामोदरऽऽ!"

ते हलले नाहीत. पण मी समोरच उभी होते. गुडघ्यावरचा अंगठा थांबलेला मला दिसला. दर वेळी असंच करतात. पहिली हाक त्यांना नीट ऐकू येते. मी पदर सावरला आणि दुसऱ्यांदा हाक मारली, पहिलीपेक्षा मोठ्याने. तेव्हा ते उठले.